बोर्डाखालची पाटी : शिकाऊ चालकांचे प्रश्न

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत गोल, त्रिकोणी आणि चौकोनी फलकांची चित्रं विचारतात. फलकाखाली लावलेली लहान पांढरी पाटी मात्र तयारीतून बहुधा निसटते, आणि रस्त्यावर तीच गोंधळात टाकते. या अंकातले सगळे प्रश्न त्या पाटीबद्दलचे आहेत.

प्रश्न : मला मागच्या महिन्यात लर्निंग लायसन्स मिळालं. चिन्हांची पुस्तिका तोंडपाठ आहे. पण दर्यापूर-अकोट बाजूला स्कूटी घेऊन निघाले की त्रिकोणाखाली कुठे 'पुढे २०० मी.', कुठे 'पुढील २ कि.मी.', कुठे नुसताच आकडा दिसतो. हे वाचायचं कसं, आणि वाचून नेमकं काय करायचं?
– एक विद्यार्थिनी, दर्यापूर तालुका

उत्तर : ही पाटी आयताकृती असते, पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि काळी किनार. तिला स्वतंत्र हुकूम नसतो. वरचा फलक जे सांगतो त्यात ती भर घालते : ती गोष्ट किती अंतरावर आहे, किती लांबवर आहे, कोणत्या वाहनांसाठी आहे किंवा कोणत्या वेळेत आहे. त्यामुळे वाचायचं कायम वरून खाली. आधी आकार, मग चित्र, मग पाटी. गोल म्हणजे आज्ञा, टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे इशारा, निळा चौकोन म्हणजे माहिती. अष्टकोनी 'थांबा' आणि टोक खाली असलेला 'रस्ता द्या' हा त्रिकोण, या दोन्ही आज्ञाच आहेत, आकार वेगळे असले तरी.

एकाच खांबावर दोन फलक असले तर पाटी तिच्या लगेच वर असलेल्या फलकाचीच समजायची. सर्वांत वर शाळेचा त्रिकोण, त्याखाली गतिरोधकाचा आणि त्याखाली '१०० मी.' असं असेल, तर ते शंभर मीटर गतिरोधकाचे आहेत, शाळेचे नाहीत.

आता 'पुढे' आणि 'पुढील'. या दोन शब्दांत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'पुढे ५०० मी.' म्हणजे इथे काही नाही, पाचशे मीटरवर आहे. 'पुढील ५०० मी.' म्हणजे इथूनच सुरू झालं आणि पाचशे मीटर चालणार. नुसता '५०० मी.' असा आकडा असेल तर तो अंतराचा. पण पाट्या रंगवताना हा फरक नेहमी पाळला जातो असं नाही; 'पुढे २ कि.मी.' असं लिहून दोन किलोमीटर लांबीचा पट्टा दाखवलेला आढळतो. अशा वेळी चित्राकडे पाहा. गतिरोधक, तिठा, रेल्वे फाटक, अरुंद पूल, शाळा या एका जागी असणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांच्याखालचा आकडा अंतराचाच असणार. नागमोडी वळणं, घाटाचा उतार, निसरडा रस्ता, गुरं किंवा वन्यप्राणी हे पट्ट्यापट्ट्याने असतात. तिथे आकडा लांबीचा असण्याची शक्यता अधिक. तरीही शंका उरली तर फलकापासूनच वेग कमी करा आणि दिलेलं अंतर संपेपर्यंत कमीच ठेवा.

मीटर डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून ते सेकंदांत मोजायचे. ताशी ४० ला गाडी एका सेकंदात साधारण ११ मीटर जाते, ६० ला १७ आणि ८० ला २२. म्हणजे '२०० मी.' अशी पाटी ओलांडल्यावर ४० च्या वेगात १८ सेकंद हातात असतात, ६० ला १२ आणि ८० ला जेमतेम ९. मनात 'एकशे एक, एकशे दोन' असं सावकाश म्हटलं की एकेक सेकंद होतो. चार-पाच दिवस मोकळ्या रस्त्यावर हा अभ्यास केला की अंदाज बसतो.

रस्त्याच्या कडेच्या दगडांचाही उपयोग होतो. मैलाच्या दगडाला आपण अजून मैलाचा म्हणत असलो तरी तो किलोमीटरचा असतो. राष्ट्रीय महामार्गावर त्याचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गावर हिरवा. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगड दर २०० मीटरवर असतात. ते गवतात बुडाले असतील तर गाडीचा ट्रिप मीटर पाहा. त्याचा शेवटचा आकडा बहुतेक गाड्यांत १०० मीटरला एकदा बदलतो. पण आकडे बघायचं काम शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याकडे द्या. तुमची नजर रस्त्यावरच राहिली पाहिजे.

नवशिक्यांच्या दोन चुका कायम दिसतात. पहिली, फलक दिसताक्षणी करकचून ब्रेक. धोका २०० मीटर लांब असतो आणि मागची गाडी मात्र वीस मीटरवर. दुसरी चूक अधिक घातक : वेग कमी करायचा, शंभर मीटर काहीच दिसलं नाही म्हणून पुन्हा ॲक्सिलरेटर पिळायचा, आणि वळण नेमकं तेव्हा समोर यायचं. योग्य क्रम असा. पाटी वाचली की आधी आरसा. मग ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्या. निम्मं अंतर गेलं की हलका ब्रेक, गिअरची गाडी असेल तर एक गिअर खाली. वळणाच्या तोंडाशी पोचेपर्यंत ब्रेकचं काम संपलेलं असावं. वळणात शिरल्यावर, त्यातही दुचाकीवर, ब्रेक दाबणं म्हणजे घसरणीला आमंत्रण.

प्रश्न : 'ओव्हरटेक करण्यास मनाई' या गोल फलकाखाली 'पुढील १ कि.मी.' लिहिलेलं आहे. मध्येच आमच्या गावाचा फाटा लागतो. मी फाट्यावरून महामार्गावर येतो, तेव्हा मला तो फलक दिसतच नाही. मला नियम लागू आहे का?
– एक वाचक, मेहकर तालुका

उत्तर : मनाई त्या रस्त्याच्या तुकड्याला आहे, म्हणून त्या तुकड्यावर असलेल्या प्रत्येकाला आहे. अंतर फलकाच्या खांबापासून मोजायचं, जवळच्या किलोमीटर-दगडापासून नाही. फाट्यावरून येणाऱ्याला कळावं म्हणून फाट्यानंतर तोच फलक पुन्हा लावायला हवा, आणि दुसऱ्या फलकाखालच्या पाटीवर उरलेलं अंतर यायला हवं. तो नसेल तर रस्त्यावरच्या पट्ट्या पाहा. मधली रेघ अखंड असेल तर ती ओलांडून ओव्हरटेक करायचं नाही. पाटीवर अंतर लिहिलेलं नसेल, तर पांढऱ्या तबकडीवर काळी तिरपी रेघ असलेला 'निर्बंध समाप्त' हा फलक येईपर्यंत मनाई चालू समजा.

प्रश्न : माझ्याकडे छोटा मालवाहू टेम्पो आहे. शहरात शिरताना ट्रकच्या चित्रावर लाल आडवी रेघ, खाली 'जड वाहने, स. ८ ते रा. ८' आणि त्याखाली आणखी एक पाटी : 'एस.टी. व अत्यावश्यक सेवा वगळून'. माझा टेम्पो जड वाहनात येतो का? आणि 'वगळून' म्हणजे बंदी त्यांना की त्यांना मोकळीक?
– एक वाचक, उमरखेड

उत्तर : 'वगळून' म्हणजे मोकळीक. बंदीच्या फलकाखाली 'वगळून' किंवा 'सोडून' असेल तर ज्यांचं नाव आहे त्यांना प्रवेश आहे, बाकीच्यांना नाही. 'फक्त' असेल तर उलटं : बंदी फक्त त्यांनाच, इतरांना मोकळा रस्ता. पार्किंगच्या निळ्या फलकाखाली मात्र 'फक्त दुचाकी' म्हणजे तिथे दुचाकीच लावता येतील, कारण वरचा फलक परवानगीचा आहे. शब्द तोच, वरचा फलक बदलला की अर्थ फिरतो. म्हणून पाटी एकटी कधी वाचू नये.

जड मालवाहू म्हणजे मोटार वाहन कायद्यानुसार भारासह कमाल वजन १२,००० किलोपेक्षा जास्त असलेलं वाहन. ७,५०० किलोपर्यंतचं हलकं, आणि त्या दोन्हींच्या मधलं मध्यम. तुमच्या आरसी बुकात कमाल वजनाचा आकडा आहे. तो रिकाम्या गाडीचा नसून मालासह आहे, हे लक्षात ठेवा. लहान टेम्पो सहसा हलक्या गटात बसतो. पण पाटीवर 'जड' हा शब्द नसून नुसतं ट्रकचं चित्र असेल, किंवा 'सर्व मालवाहू वाहने' असं लिहिलं असेल, तर वजनाचा मुद्दा काढून उपयोग नाही; तिथे थांबायचं.

वेळेचं थोडक्यात : वार लिहिलेला नसेल तर नियम रोजचा आहे, सुटीच्या दिवशीसुद्धा. वेळही लिहिलेली नसेल तर चोवीस तासांचा. 'रा. १० ते स. ६' ही वेळ मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात जाते. कुठे '२० ते ८' असे नुसते आकडे असतील तर ते रात्री ८ ते सकाळी ८ असे वाचायचे. आणि चौकात हवालदार उभा असेल तर त्याचा हात पाटीच्याही वर, सिग्नलच्याही वर.

प्रश्न : बाजारपेठेत P१ आणि P२ असे फलक आहेत. खाली 'सम तारखेस', 'विषम तारखेस'. मी ३१ तारखेला संध्याकाळी विषम बाजूला कार लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी काढायला गेलो तर माझ्याशिवाय अनेकांच्या गाड्या समोरच्या बाजूला होत्या. बरोबर कोण?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : तुम्ही. ३१ विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम, त्यामुळे बाजू बदलतच नाही. रोज बाजू बदलायची सवय लागलेले लोक इथे चुकतात. ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यानंतर हे घडतं, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर १ मार्चलाही. ३० किंवा २८ तारखेनंतर अडचण नाही. तारीख रात्री १२ वाजता बदलते हेही ध्यानात ठेवा. रात्रभर गाडी लावायची असेल तर दुसऱ्या दिवशीची तारीख बघून बाजू निवडा. P१ म्हणजे सम की विषम, हे पाठ करू नका. दुसऱ्या गावात ते उलटं निघू शकतं. खालची ओळ वाचा.

याच फलकांखाली बाण असतात. एकाच बाजूला टोक असलेला बाण म्हणजे नियम या खांबापासून त्या दिशेला सुरू होतो. दोन्हीकडे टोकं असलेला बाण म्हणजे तुम्ही पट्ट्याच्या मध्ये आहात, खांबाच्या दोन्ही बाजूंना नियम आहे. शेवटच्या खांबावरचा बाण मागे वळलेला दिसेल.

आठवडी बाजाराच्या गावांत 'बाजाराच्या दिवशी' एवढंच लिहिलेलं असतं, वार नाही. बाहेरगावच्या चालकाला तो वार माहीत नसतो. शेजारच्या दुकानदाराला विचारून मगच गाडी लावा. आणि लाल किनारीच्या निळ्या तबकडीवर एकच तिरपी रेघ असेल तर ती 'पार्किंग नाही'. माणसं उतरवून लगेच निघता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबणंही मना आहे.

प्रश्न : आमच्या गावाजवळून शकुंतला रेल्वेचा रूळ जाते. तिथं तिकोन्या बोर्डाखाली तिरपे पट्टे हायेत, एका जागी दोन अन् पुढं एक. गाडी त लय दिवसांची बंद हाय. मंग त्या पट्ट्यायचा अर्थ काय, अन् आता थांबाचं कायले?
– एक ट्रॅक्टरवाले भाऊ, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : भाऊ, ते पट्टे म्हणजे आकडा न लिहिता सांगितलेलं अंतर. दोन पट्टे म्हणजे रूळ २०० मीटरवर, एक पट्टा म्हणजे ५० ते १०० मीटरवर. धुक्यात किंवा धुळीत अक्षरं दिसली नाहीत तरी पट्टे दिसतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतात. दोन पट्टे दिसले की वेग उतरवायचा, एक दिसला की थांबायच्या तयारीने जायचं.

फाटकाचं चित्र असेल तर फाटक आहे आणि राखणदार आहे. इंजिनाचं चित्र असेल तर फाटक नाही. ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांच्या मार्गांवरची, बिनफाटकाची क्रॉसिंग रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत सगळी काढली. पण चिन्ह परीक्षेत विचारतात आणि नियम कायद्यात कायम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ सांगतं की बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर गाडी थांबवायची, सोबतच्या माणसाने रुळापर्यंत चालत जाऊन दोन्हीकडे पाहायचं आणि मग गाडी न्यायची. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचं.

गाडी बंद आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण तो रूळ न थांबता ओलांडायची तुमची सवय दुसऱ्या रुळावरही सोबत जाईल, हा खरा धोका. आणखी एक गोष्ट रूळ रिकामा असला तरी लागू होते. रुळाच्या कडेला खाच असते आणि पावसात लोखंड बुळबुळीत होतं. दुचाकीचं चाक तिरपं गेलं की खाचेत अडकतं. ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली वेगात गेली तर हुकाला हिसका बसतो. म्हणून रूळ कायम काटकोनात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओलांडायचे. रुळावर असताना गिअर बदलायचा नाही. गाडी बंद पडते ती बहुधा तिथेच.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना वळणाच्या त्रिकोणाखाली वेगाचा आकडा दिसला. आकडा गोल फलकात नव्हता. तो पाळणं सक्तीचं आहे का? आणि उताराच्या चिन्हावर '१०%' म्हणजे काय?
– एक शिकाऊ चालक, अमरावती

उत्तर : कायद्याच्या कलम ११९ नुसार जे फलक पाळणं सक्तीचं आहे ते आज्ञा देणारे, मुख्यतः लाल किनारीचे गोल. त्रिकोणाखालचा वेग हा सल्ला आहे. पण तो त्या वळणाची त्रिज्या आणि समोरचं किती दिसतं हे पाहून दिलेला असतो. गोल फलकातली मर्यादा सगळ्या रस्त्याची असते, पाटीवरचा आकडा त्या एका वळणाचा. घाटात तो आकडा मोडून गाडी दरीकडे गेली तर 'सल्लाच होता' हे कोणी ऐकून घेणार नाही. ओल्या रस्त्यावर आम्ही तर म्हणू, त्याहून दहा कमी ठेवा.

१०% म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १० मीटर खाली. त्याखाली 'पुढील ४ कि.मी.' सारखी पाटी असेल तर ती उताराएवढीच महत्त्वाची आहे. चार किलोमीटर ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, तेल उकळतं, पेडल मऊ पडून तळाला जातं. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. जुन्या चालकांचं माप सोपं आहे : हाच रस्ता चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला. न्यूट्रल करून उतरणं पूर्ण वर्ज्य. ब्रेक दाबायचे ते थोडा वेळ ठामपणे, मग सोडायचे, म्हणजे थंड व्हायला सवड मिळते. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर वाट तिला द्यायची.

प्रश्न : साकोली ते देवरी जाताना जंगलात हरणाच्या चित्राखाली बरेच किलोमीटर लिहिलेले असतात. एवढा वेळ सावकाश कोण चालवणार?
– एक वाचक, साकोली

उत्तर : दिवसभर नाही, पण संध्याकाळपासून सकाळपर्यंत नक्की. हा पट्टा नवेगाव-नागझिराच्या जंगलाजवळून जातो आणि प्राणी रस्ता ओलांडतात ते मुख्यतः अंधार पडताना आणि उजाडताना. हिशेब पाहा. डिपरवर दिवे साधारण ४० ते ५० मीटर रस्ता उजळतात. ताशी ८० ला दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे ७५ मीटर लागतात, म्हणजे जे दिसतं त्यापेक्षा थांबायला जास्त जागा लागते. ताशी ४० ला सुमारे २७ मीटर पुरतात. पाटीवरचे किलोमीटर लांब वाटतात, पण १० किलोमीटर ८० ऐवजी ५० ने गेलात तर फक्त साडेचार मिनिटं जास्त जातात.

एक हरीण ओलांडून गेलं की लगेच वेग घेऊ नका. चितळं कळपाने असतात, मागून दुसरं येतंच. जनावर रस्त्यात थांबलं तर डिपर मारा, हॉर्न एकदाच, आणि सरळ रेषेत ब्रेक लावा. वाचवण्यासाठी एकदम स्टिअरिंग फिरवलं की गाडी झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर जाते. हीच काळजी गुरांच्या चिन्हाखालच्या पाटीलाही. सायंकाळी गोधन परतायच्या वेळी गाय कळपासोबत चालते, पण वासरू अचानक आडवं पळतं.

प्रश्न : आमच्या गावाला रेल्वेखालच्या बोगद्यातून जावं लागतं, तिथे उंचीचा गोल बोर्ड आहे. दुसऱ्या वाटेवर नाल्याचा जुना पूल, तिथे '५ टन'. कापूस जिनिंगला न्यायचा तर कोणत्या वाटेने?
– एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर : आधी वजन. फलकावरचा टनाचा आकडा मालाचा नाही, गाडी आणि माल मिळून आहे. दहा क्विंटल म्हणजे एक टन. ट्रॉलीत ४० क्विंटल कापूस म्हणजे ४ टन. ट्रॅक्टर साधारण २ टनांचा, रिकामी ट्रॉली दीडेक टनाची, एकूण साडेसात. ५ टनांच्या पुलावरून ही फेरी नेऊच नये. कापूस हलका दिसतो म्हणून हा हिशेब नेहमी चुकतो. पाटीवर 'प्रति आस' असं असेल तर मात्र तो आकडा एका ॲक्सलवर येणाऱ्या भाराचा आहे.

उंची जमिनीपासून मालाच्या सर्वांत उंच टोकापर्यंत टेपने मोजा, ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत नाही. फलकावरच्या आकड्यापेक्षा किमान १५ ते २० सेंटिमीटर कमी ठेवा. कारण बोगद्याखालचा रस्ता नव्याने केला की जमीन वर येते आणि फलक जुनाच राहतो. शिवाय खड्ड्यात मागचं चाक गेलं की पुढचा भाग उचलला जातो. कापूस मोकळा भरून वर जाळी बांधलेली असेल तर चालताना तो फुगतो, हेही धरा. बसत नसेल तर दोन फेऱ्या करा.

पावसाळ्यात या दोन्ही वाटा धोक्याच्या. रपट्याजवळ, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाजवळ, 'पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये' अशी पाटी असते. ती अटीची पाटी आहे : पाणी नाही तोवर रस्ता मोकळा, पाणी आलं की पूर्ण बंद. 'थोडंच पाणी आहे' हा अपवाद तिच्यात नाही. वाहतं पाणी एक फूट असलं तरी लहान कार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. वरून गढूळ पाण्यात रपट्याची कड दिसत नाही आणि खाली रस्ता खचलेला आहे की नाही तेही कळत नाही. कडेला मापाची खांबं असतील तर आकडा पाहा, पण पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर तो आकडा बघून जायचं ठरवू नका.

प्रश्न : वेगमर्यादेच्या फलकाखाली कारचं आणि ट्रकचं चित्र वेगवेगळ्या आकड्यांसोबत असतं. मोटारसायकलचं चित्रच नसेल तर मी कोणता आकडा धरायचा?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर कारला ताशी १००, मालवाहू वाहनांना ८० आणि मोटारसायकललाही ८०. इतर रस्त्यांवर कारला ७०, मोटारसायकलला ६०. ही वरची हद्द आहे. स्थानिक फलकावर कमी आकडा असेल तर तोच खरा. चित्र नसेल तर कारचा आकडा उचलू नका, आपल्या वाहनाची हद्द आणि फलक यातला कमी आकडा धरा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही.

प्रश्न : आमच्या फाट्यावरच्या वळणाच्या फलकाची पाटी कोणीतरी काढून नेली. वरचा त्रिकोण वेलीत गेला आहे. कोणाला सांगायचं?
– एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ या क्रमांकावर. राज्य महामार्ग आणि मोठे जिल्हा रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, गावाकडचे बरेच रस्ते जिल्हा परिषदेकडे. तक्रारीत गावाचं नाव पुरेसं नसतं. जवळच्या किलोमीटर-दगडावरचा आकडा, त्यानंतर कितवा छोटा दगड, आणि जाताना डावीकडे की उजवीकडे, एवढं लिहा, फोटो जोडा. फलक काढणं, रंग फासणं, त्याच्यावर जाहिरात चिकटवणं हे कलम ११६ नुसार मना आहे. ग्रामसभेत एकदा विषय घेतला तर वेल तोडायला पंचायतीचा माणूस लागलीच मिळतो. तोपर्यंत त्या वळणाआधी स्वतःहून वेग कमी करा आणि रात्री डिपर द्या.

प्रश्न : माझ्या मुलीच्या स्कूटीवर कागदावर पेनाने काढलेलं L चालेल का?
– एक आई, वरुड

उत्तर : नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल L, पुढे आणि मागे दोन्हीकडे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. स्टिकर घेताना मोजपट्टी लावून पाहा, बाजारातली बरीच याहून लहान असतात. मागची पाटी नंबर प्लेट किंवा दिवा झाकणार नाही अशी लावा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. त्या ३० दिवसांत रोज एक वेगळा रस्ता घेऊन तिला प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला सांगा, आणि वाचल्यावर 'इथून की तिथे?' एवढं एकच विचारा.